मधुमेहात विसरायला होतंय? आधी काय शोधायचं, मग काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गावात राहणारे वडील, वय ६८, मधुमेहाला १६ वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, वर्षभरापासून रात्रीचं इन्सुलिनही आहे. गेल्या सहा-आठ महिन्यांत विसरायला लागलेत. गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, एकच गोष्ट तीनदा विचारतात. दवाखान्यात सांगितलं, 'शुगरमुळे होतं, वयही झालं.' त्याच घरातली पुतणी टाइप १ मधुमेहाची, यंदा एसएसएलसीला (कर्नाटकातल्या दहावीला) आहे. पाठ केलेलं पेपरात आठवत नाही म्हणते. दोघांच्या मेंदूवर साखरेचा परिणाम झाला आहे का, आणि त्यावर इलाज आहे का?

इलाज आहे. फक्त तो स्मरणशक्तीच्या गोळीपासून सुरू होत नाही. मधुमेही माणूस विसरायला लागला की घरचे साखर आणखी खाली आणण्याच्या मागे लागतात. भात बंद, चहात साखर बंद, गोळी अर्ध्याची एक. वडिलांच्या वयाच्या, इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड दोन्हींवर असलेल्या माणसाला याचाच सगळ्यात जास्त धोका असतो. अशा माणसाच्या विसरण्यामागे सर्वांत आधी शोधायचं ते वाढलेल्या साखरेला नव्हे, तर कुणाच्या लक्षात न येता खाली जाणाऱ्या साखरेला.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण तो शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागतं आणि त्याचा साठा त्याला करता येत नाही. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तो कुरकुरायला लागतो आणि ५४ च्या खाली गेली की कामात चुकायला लागतो. बेशुद्ध होण्याइतकी साखर पुन्हापुन्हा उतरलेल्या वृद्धांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश जास्त दिसतो.

वाढलेल्या साखरेचं नुकसान वेगळ्या वाटेनं होतं. वर्षानुवर्षं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होतात, लहान लहान भाग रक्तावाचून मरतात, माणूस मंदावतो. टाइप २ मधुमेहात स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट असतो. झालेलं हे नुकसान पुसता येत नाही, पुढचं मात्र मंदावता येतं. पण या जुन्या नुकसानावर दुरुस्त होण्यासारख्या तीन-चार गोष्टींचा थर चढलेला असतो. तो उतरवला तरी माणूस बराच मोकळा होतो.

साखर जितकी खाली तितकी स्मरणशक्ती चांगली, असं मात्र नाही. ॲकॉर्ड नावाच्या मोठ्या अभ्यासात तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढले म्हणून २००८ साली तो भाग थांबवावा लागला. त्यातल्याच स्मरणशक्तीच्या पाहणीचा निकाल २०११ मध्ये आला. ४० महिन्यांनंतरही कडक नियंत्रणातल्या लोकांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा चांगली नव्हती. वडिलांसारख्या माणसाला ६.५ च्या मागे पळवण्यात अर्थ नाही. ७.५ ते ८ पुरे, पण त्यात एकदाही साखर ७० च्या खाली जाता कामा नये.

पहिलं काम: तीन दिवसांची वही

घरात ग्लुकोमीटर असेल तर तीन दिवस पाच वेळा साखर बघा: नाष्ट्याआधी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना आणि पहाटे ३ वाजता. पहाटेची वेळ चुकवू नका. याशिवाय वडील विचित्र वागताना दिसले, तर त्या क्षणी आधी बोट टोचा, मग बोला.

तपासण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. आंबा किंवा गूळ हाताळलेल्या बोटावर साखर खोटी जास्त दिसते आणि खाली गेलेली साखर लपते. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधोमध नाही. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करा. खानापूरच्या पावसाळ्यात रात्रभर उघडी राहिलेली डबी टाकून द्यावी, कारण ओलाव्यानं पट्ट्या बिघडतात आणि वाट्टेल तो आकडा दाखवतात. परवडत असेल तर दंडावर लावायचा, सतत साखर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर एकदा लावून घ्या. रात्रीचं चित्र त्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कशात नाही.

साखर उतरली की घाम येतो, हात थरथरतात, भूक लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. जुन्या मधुमेहात ही सूचना मिळणं बंद होतं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते. वृद्ध माणसात मग दिसतं ते एवढंच: चिडणं, उलटसुलट बोलणं, टक लावून बघत राहणं, उंबऱ्यावर पाय अडखळणं. रात्री बनियन घामानं भिजणं, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड असणं. घरच्यांना वाटतं, वयानं बिघडले. खरं तर साखर ५० असते.

ती का उतरते, याची कारणं आपल्या भागात ठरलेली आहेत. सकाळी ग्लिमेपिराइड घेतली आणि पूजा, दूध घालणं, गुरांचं वैरणपाणी यात नाष्टा दहापर्यंत लांबला. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार: उपवास केला, गोळी तेवढीच. भात लावणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसात अंगमेहनत दुप्पट, इन्सुलिन तेवढंच. त्या कष्टाचा परिणाम त्याच रात्री पहाटे दिसतो. मूत्रपिंड थकलं की गोळी आणि इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, पण मात्रा जुनीच चालू राहते. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी कुणाला अजून चालू असेल तर साठीनंतर ती बदलूनच घ्यावी. तिच्यानं उतरलेली साखर लवकर वर येत नाही.

इन्सुलिनची सुई आणि बाटली एकदा उजेडात धरून बघा. आपल्याकडे बाटली एका मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि १०० युनिटचीही असते. ४० च्या बाटलीची सिरिंज लाल टोपणाची, १०० च्या बाटलीची नारंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० च्या बाटलीतलं औषध '२०' च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. उलट केलं तर २० च्या जागी ८ च जातात. मेडिकलमध्ये लाल सिरिंज संपली म्हणून नारंगी दिली, एवढ्यानं हे घडतं. दुसरं, पोटावर किंवा मांडीवर टोचायच्या जागी बोट फिरवून बघा. रबरासारखी गाठ लागली तर तिथं इन्सुलिन कधी मुरतं, कधी मुरत नाही. जागा बदलायलाच हवी. पण ताज्या जागेवर तीच मात्रा जास्त लागू पडते, म्हणून जागा बदलण्याच्या दिवशी मात्रा थोडी कमी करायची का, ते डॉक्टरांना आधी विचारा.

साखर ७० च्या खाली दिसली तर १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी. म्हणजे तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्या पाण्यात. १५ मिनिटांनी परत तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली की अर्धी भाकरी किंवा पोळी खायला द्या. कुंदा, करदंट, पेढा देऊ नका. त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज लिहिलेलं असेल (तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीत व्होग्लिबोज अनेकदा असतं), तर घरातली साखर किंवा गूळ लवकर काम करत नाही, कारण ती फुटून ग्लुकोज होण्याची वाटच ही गोळी अडवते. त्या घरात ग्लुकोज पावडरचा डबा हवाच. माणूस गिळत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडनं उतरलेली साखर एकदा वर आली तरी २४ तासांत पुन्हा उतरू शकते, म्हणून अशा वेळी घरी न थांबता दवाखान्यात एक दिवस देखरेखीत ठेवणं योग्य.

वहीत एक जरी आकडा ७० च्या खाली सापडला, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ग्लिमेपिराइड कमी किंवा बंद करता येईल का, रात्रीचं इन्सुलिन घटवता येईल का, हे स्पष्ट विचारा. इन्सुलिन चालू असलेल्या वृद्धाला ग्लिमेपिराइडची गरज बऱ्याचदा उरलेली नसते. सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन यांसारख्या गोळ्या एकट्यानं साखर सहसा पाडत नाहीत. लिनाग्लिप्टिन मूत्रपिंड थकलं असलं तरी चालते. असा बदल झाल्यावर दोन-तीन आठवड्यांतच माणूस किती सावरतो ते दिसायला लागतं.

दोन राज्यांचे दोन कागद

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातली ही खास अडचण आहे. निपाणी-चिक्कोडीकडची माणसं कोल्हापूरला जातात, अथणीकडची मिरजेला, खानापूरची बेळगावला. मुलगा पुण्याला असेल तर तिथं आणखी एक डॉक्टर. प्रत्येक ठिकाणचा कागद वेगळा, इंग्रजीत, आणि गोळीचं कंपनीनं दिलेलं नाव वेगळं. घरी दोन वेगळ्या रंगांची पाकिटं येतात; दोन्हींत ग्लिमेपिराइडच असते, पण घरच्यांना ती दोन वेगळी औषधं वाटतात.

यावर उपाय एका दुपारचा आहे. घरातली सगळी पाकिटं एका ताटात ओता: चालू, बंद, आयुर्वेदिक, झाडपाल्याच्या पुड्या, सगळं. पाकिटावर मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. मेडिकलवाल्यानं पट्टी कापून दिली असेल तर नाव कापलं गेलेलं असतं. पुढच्या वेळी नाव असलेला तुकडा मागून घ्या. एकच मूळ नाव दोनदा सापडलं तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय पुढची मात्रा देऊ नका. नाव-गाव नसलेल्या 'शुगरच्या पुड्या' बाजूला काढा. अशा भुकट्यांत साखर उतरवणारी गोळी कुटून मिसळलेली सापडलेली आहे.

त्याच ताटात मेंदूवर धुकं आणणारी औषधंही सापडतील. तळपायांची आग होते म्हणून रात्री दिलेली ॲमिट्रिप्टिलिन ही त्यातली पहिली. मधुमेहात ती सर्रास देतात आणि वृद्धांमध्ये ती स्मरणशक्तीवर थेट परिणाम करते. लघवी आवरत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पोटदुखीची डायसायक्लोमिन याच जातीच्या. झोपेसाठी अल्प्राझोलाम असेल तर तीही. प्रेगाबालिन, गॅबापेन्टिननं गुंगी येते, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असताना मात्रा कमी केली नसेल तर. यातली कुठलीही एका रात्रीत तोडू नका, अल्प्राझोलाम तर मुळीच नाही. हळूहळू उतरवावी लागते. पायांच्या आगीसाठी ड्युलोक्सेटिनचा पर्याय डॉक्टरांना विचारता येतो, मूत्रपिंड फार बिघडलं नसेल तर.

बी-१२

मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांच्या वर चालू असेल तर बी-१२ शरीरात कमी शोषलं जातं. त्यात आपल्या भागात शाकाहारी कुटुंबं भरपूर, जैन आणि लिंगायत घरांत तर पिढ्यान्‌पिढ्या. दोन्ही एकत्र आलं की बी-१२ तळाला जातं. विसरणं, चिडचिड, पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं हे त्याचं रूप, आणि हे सगळं 'शुगरमुळे' म्हणून खपतं.

रक्तातलं बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता नक्की. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, लक्षणं असतील तर इलाज करावा. रक्त आधी द्या, इंजेक्शन नंतर, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. मज्जातंतूंची लक्षणं असतील तर १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, असा क्रम साधारण ठेवतात. सुरुवातीनंतर १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळीही चालते. मेटफॉर्मिन बंद करायची गरज नसते. नुसती फॉलिक ॲसिडची गोळी देऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंची झीज चालूच राहते. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं असेल तर सगळं परत येत नाही, म्हणून मेटफॉर्मिनवरच्या माणसानं वर्षातून एकदा ही तपासणी करावीच.

बाकीच्या तपासण्या एकाच रक्तात होतात: टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम, कॅल्शियम. रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर सोडियम नक्की बघा. ते उतरलं की माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. रक्त कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवतो. लोह कमी असताना तो खोटा वाढलेला दिसतो आणि त्या जोरावर इन्सुलिन वाढवलं जातं.

मन उदास असलं तरी माणूस विसरतो. दोन आठवड्यांपासून कशातच गोडी नाही, झोप आणि भूक गेली, 'आता माझा काय उपयोग' असं बोलतात, तर ते नैराश्य आहे आणि त्याचा इलाज स्मृतिभ्रंशापेक्षा कितीतरी सोपा आहे. जोराचं घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेतला श्वासरोध तपासा. कान आणि डोळेही बघून घ्या. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार.

स्मरणशक्तीची चाचणी कोणत्या भाषेत?

मराठी बोलणाऱ्या माणसाची चाचणी मराठीतच व्हायला हवी. कन्नड किंवा इंग्रजीत विचारलेल्या तीन शब्दांपैकी दोन विसरले, यात रोग किती आणि भाषा किती, हे कळत नाही. मोका ही ३० गुणांची चाचणी मराठीत आणि कन्नडमध्ये उपलब्ध आहे, मागून घ्या. तिची २६ ची सीमारेषा शिकलेल्या लोकांसाठी आहे. शाळा कमी झालेल्या माणसाला घड्याळ काढायला सांगून 'फेल' ठरवणं अन्याय आहे. तारीख न सांगणाऱ्या शेतकऱ्याला तिथी, वार, अमावस्या कधी झाली, आपल्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, हे विचारावं.

डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडते ती घरच्यांची निरीक्षणं. गेल्या वर्षी जमत होतं आणि आता जमत नाही असं काय? बाजारात उरलेले पैसे मोजणं, डेअरीत किती दूध घातलं ते सांगणं, ओळखीच्या वाटेनं एकटं परत येणं, मोबाइलवर ठरलेला नंबर लावणं. नाव क्षणभर न आठवणं वेगळं, आणि जेवण झाल्याचंच न आठवणं वेगळं. दिवसातल्या कोणत्या वेळी जास्त बिघडतं, तेही लिहा. पहाटे आणि जेवणाआधी बिघडत असेल तर साखर उतरते आहे असं समजून तपासा.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. चालण्यात बदल, लघवीवरचा ताबा जाणं, डोक्याला मार, एका बाजूचा अशक्तपणा, किंवा काही आठवड्यांत झपाट्यानं बिघाड असेल तर लागतो. गुंता वाटला तर धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांच्या संस्थेत दाखवता येतं.

रोजचं शिकणं आणि गोळ्यांची व्यवस्था

विसरणाऱ्या माणसाला एका बैठकीत पाच सूचना देऊन उपयोग नाही. एका दिवशी एकच गोष्ट. सांगून झाल्यावर 'समजलं का' असं विचारू नका, 'आता मला करून दाखवा' म्हणा. चुकलं तर लगेच हातानं दुरुस्त करा. चूक दोनदा झाली की तीच डोक्यात बसते. औषधं दिवसातून जितक्या कमी वेळा घ्यावी लागतील तितकं बरं, डॉक्टरांकडून तशी करून मागा.

सात खणांचा डबा आणा, रविवारी दुसऱ्या कुणी भरावा. खणावर मराठीत मोठ्या अक्षरात 'सकाळ, नाष्ट्याबरोबर' असं लिहा. मेडिकलची चिठ्ठी कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असते आणि वडिलांना ती वाचता येत नसेल, तर चूक त्यांची नाही. गोळी चहाला किंवा संध्याकाळच्या दिव्याला जोडा, नुसत्या घड्याळाला नको. इन्सुलिन मात्र त्यांच्या हाती ठेवू नका. सून, मुलगा, नातू, जो कुणी देईल त्यानं दिल्यावर कॅलेंडरच्या चौकटीत लगेच टिकमार्क करायची. दिलं की नाही अशी शंका आली, तर दिलं असं धरा आणि साखर तपासा. एक वेळ चुकल्यानं फारसं बिघडत नाही, दोनदा दिल्यानं जीव जाऊ शकतो. ग्लिमेपिराइड दोनदा गेली असं नक्की कळलं तर खायला द्या, दर दोन तासांनी तपासा आणि दवाखाना गाठा.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी रक्तदाब आणि तंबाखू साखरेइतकेच महत्त्वाचे. रक्तदाब १३०/८० च्या आसपास ठेवा, पण उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर उभ्यानं मोजून घ्या. निपाणी पट्ट्यात बिडी आणि तंबाखू घरचीच. बायकांची मिसरीही तंबाखूच आहे, ती मोजायची राहून जाते. 'कोलेस्टेरॉलच्या गोळीनं विसरायला होतं' म्हणून अनेक जण स्टॅटिन सोडतात. तिच्यानं स्मृतिभ्रंश होतो असा पुरावा नाही, सोडल्यानं पक्षाघाताचा धोका वाढतो. आठवड्याला १५० मिनिटं चालणं, म्हणजे रोज जेवणानंतर १०-१५ मिनिटं दोनदा. खिशात ग्लुकोज पावडरची पुडी ठेवून. जोंधळ्याची भाकरी चांगली, पण मोठ्या भाकरीत ५०-६० ग्रॅम पीठ जातं, तेव्हा भाकरी 'मोकळी' नाही. ताटाचा अर्धा भाग भाजीचा हवा. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं मोजली. मधुमेह त्यातलं एक. रक्तदाब, तंबाखू, बहिरेपणा, नैराश्य, एकटेपणा हीही त्याच यादीत आहेत.

पुतणीचं

मुलीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्या मेंदूला कायमचं काही झालं असेल ही शक्यता कमी. फार लहानपणी साखर उतरून आलेल्या गंभीर झटक्यांचा किंवा किटोॲसिडोसिसचा (इन्सुलिन कमी पडून रक्त आम्ल होण्याचा) इतिहास असेल तर डॉक्टरांना सांगा. पेपरातलं विसरणं बहुतेकदा त्या तीन तासांतल्या साखरेचं असतं. साखर २७० च्या वर असताना आकडेमोड आणि वाचन मंदावतं, लघवीला उठावं लागतं. ५४ च्या खाली जाऊन वर आली तरी डोकं पूर्ण चालायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून पेपरच्या एक तास आधी तपासायचं; १०० ते १८० मध्ये असेल तर बसायला हरकत नाही. भीतीनं नाष्टा टाळायचा नाही आणि 'लो होऊ नये' म्हणून इन्सुलिनही टाळायचं नाही. दोन सराव परीक्षांत हेच करून आकडे लिहा, खऱ्या पेपरला अंदाज पक्का होतो.

डॉक्टरांचं पत्र मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा केंद्राला आधीच द्या: मीटर, ग्लुकोज, पाणी जवळ ठेवू द्यावं आणि लघवीला जाऊ द्यावं. पेपरात हात थरथरले तर प्रश्न सोडून आधी ग्लुकोज घ्यायचं, हे तिला दहादा सांगा. रात्री जागून अभ्यास आणि पहाटे उतरलेली साखर हा दुसरा नेहमीचा घोळ. टाइप १ बरोबर थायरॉइड बिघडण्याचं प्रमाण जास्त, म्हणून टीएसएच वर्षाला एकदा.

स्मरणशक्तीच्या गोळ्या

डोनेपेझिल आणि मेमॅन्टिन ही औषधं अल्झायमरसाठी आहेत, मधुमेहासाठी नाहीत. वरची सगळी कारणं शोधून झाल्यावरही बिघाड चालू राहिला आणि तज्ज्ञानं निदान केलं तर डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. फायदा माफक असतो. नाडी मंदावते, म्हणून आधी ईसीजी काढा, मेटोप्रोलॉल चालू असेल तर नक्कीच. पिरासिटाम, सिटिकोलिन, जिंकोच्या बाटल्यांवर महिन्याला हजार-दोन हजार घालण्याइतका पुरावा नाही. त्या पैशात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या येतात. मधुमेहासाठी आणि वजनासाठी दिलं जाणारं सेमाग्लुटाइड सुरुवातीच्या अल्झायमरला थोपवत नाही, हे २०२५ च्या शेवटी मोठ्या चाचण्यांतून कळलं. साखरेसाठी गरज असेल तर घ्या, स्मरणशक्तीसाठी नको.

बिघाड तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत झाला असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. आधी साखर तपासा. ती ठीक असेल आणि तोंड वाकडं झालं, हात गळला किंवा बोलणं अडखळलं असेल तर पक्षाघात समजून लगेच निघा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. ताप, लघवीला जळजळ आणि भ्रम एकत्र असेल तर जंतुसंसर्ग. मीटर 'हाय' दाखवत असेल आणि माणूस गुंगीत असेल तर तीही तातडीच आहे. सांभाळणारी व्यक्ती थकली असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं.

सुरुवात तालुका रुग्णालयातल्या एनसीडी क्लिनिकपासून (मधुमेह, रक्तदाब अशा आजारांच्या विभागापासून) केली तरी चालेल. बरोबर तीन दिवसांची वही, औषधांचं अख्खं ताट एका पिशवीत, इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज, चष्मा आणि रोज वडिलांसोबत राहणारं माणूस न्या. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर त्या सकाळी ग्लिमेपिराइड किंवा जेवणाचं इन्सुलिन घरून घेऊन निघू नका. रांगेत दहा-अकरा वाजतात आणि साखर तिथंच उतरते. डबा पिशवीत ठेवा. रक्त दिल्यावर आधी गोळी, मग लगेच भाकरी.